अक्षदाचे दोन रेफरी

पेठ, ता. आंबेगाव
चैत्र, यात्रांचे दिवस

प्रिय नलू,

बोर्डिंगच्या मागच्या मैदानावर तू फेकलेला तो थ्रोबॉल चुन्याच्या रेषेवर पडला होता, ते तुला आठवतं का? खास असं काही नव्हतं त्या दिवशी. शनिवार होता, पोटात शनिवारचा पातळ स्ट्यू होता आणि समोर दिवसा शाळेत येणाऱ्या मुलींची टीम होती. सिस्टर फिलोमिनांनी तोंडातली शिट्टी काढली, चष्मा काढून झग्याच्या बाहीला पुसला, पुन्हा लावला, वाकून चुना पाहिला आणि म्हणाल्या, आऊट. तू म्हणालीस, सिस्टर, मी तर तुमची लाडकी ना? त्या म्हणाल्या, मैदानाबाहेर. मग रागाने तू संध्याकाळचं पुडिंग सोडलंस (ते वाया गेलं नाही, माझ्याकडे आलं). सकाळची गोळी घेतली की नाही हे मला हल्ली दुपारी आठवत नाही, पण तो चुना, तुझ्या गुडघ्यावरची माती आणि सिस्टरांच्या शिट्टीची लाल दोरी अजून डोळ्यांसमोर आहे. हे सगळं का उकरून काढते आहे, ते पुढे कळेल.

आता पद्धतीप्रमाणे नमस्कार. तू माझ्याहून थोडीशी मोठी, म्हणून तुला वाकून. भावोजी निवृत्त प्राचार्य, म्हणून त्यांना हात जोडून (आणि ते शेजारी बसून हे वाचताहेत हे मला माहीत आहे, म्हणून जरा अदबीने). तोच गुडघा आता नवीन बसवून घेतलास असं कळलं. कसा आहे? हैदराबादचा उन्हाळा त्याला मानवतो का? इकडे आमचे हे बरे आहेत. त्यांना साखर निघाली आहे, पण ती फक्त तपासणीच्या दिवशी असते, असं त्यांचं मत आहे. बटाटा यंदा चांगला निघाला. हायवेवरच्या गाड्यांच्या आवाजाने पूर्वी माझी झोप मोडायची. आता आवाज थांबला की मी दचकून उठते. एकूण सगळं ठीक आहे. जे ठीक नव्हतं, ते मीच करून ठेवलं होतं. ते असं.

अक्षदा म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची, भगवंतभाऊजींची मुलगी. तुझी नि तिची ओळख आहे, चांगलीच आहे, आणि त्याबद्दल मी इथे अवाक्षर काढत नाही. तिला पीएच.डी. मिळाल्यापासून आमच्या थोरल्या जाऊबाई, प्रयागबाई, तिला 'बिनसुईची डॉक्टर' म्हणायच्या. पण डोंगराकडची माणसं नाचणी-वरई सोडून रेशनचा गहू-तांदूळ खायला लागली, त्याने त्यांच्या रक्तातली साखर कशी बदलते, हा तिचा विषय. आणि त्यासाठी ती जेवणाआधी नि जेवणानंतर लोकांच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेते, हे कळल्यावर जाऊबाईंचं समाधान झालं. सुई आली म्हणजे डॉक्टर झाली.

सुई आली, पण नोकरी येईना. नलू, तुम्हा प्रयोगशाळावाल्यांच्या वेळीही हे असंच होतं का गं? मी अलीकडे त्या जाहिराती वाचते. 'पद एक. पूर्णतः तात्पुरते. प्रकल्प असेपर्यंत. मुलाखतीस स्वखर्चाने यावे. कोणतेही कारण न देता भरती रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे.' मी आयुष्यभर लग्नाच्या बैठकींना बसले आहे, पण एवढ्या अटी घालून वर सुपारीही न फोडणारं स्थळ मी पाहिलेलं नाही. पदांची नावं तरी काय एकेक. रिसर्च फेलो, प्रोजेक्ट असोसिएट, आणखी काय काय. (एका मुलाला 'फेलो' म्हटल्याबद्दल सिस्टरांनी तुला कोपऱ्यात उभं केलं होतं. आता मुली पाच-पाच प्रती जोडून फेलो व्हायला अर्ज करतात.) तेवढ्यात पोट भरावं म्हणून ती इकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे तास झाला तर पैसे. सुट्टी पडली, निवडणूक आली, स्नेहसंमेलनात कुणी लेझीम खेळलं, की त्या दिवशी विज्ञान फुकट.

अशात हैदराबादच्या एका विद्यापीठाची जाहिरात आली. सार्वजनिक आरोग्य विभाग, आहार आणि रक्तशर्करा, डोंगरी भागात काम केलेल्यांना प्राधान्य. जणू तिचं नाव घालायचंच विसरले होते. अडचण वयाची. जूननंतर ती त्या अटीत बसणार नव्हती, म्हणजे ही शेवटची संधी. आणि भगवंतभाऊजींनी तर एका चिप्सच्या कंपनीला शब्दच देऊन टाकला होता: हैदराबादचं नाही जमलं, तर पोरगी मे महिन्यापासून त्यांच्या गोदामात माल तपासायला येईल. माल म्हणजे बटाटा. तपासायचं म्हणजे लोखंडी कडीतून तो घालून पाहायचा. कडीत अडकला तर कंपनीचा, खाली पडला तर शेतकऱ्याचा. भाऊजींचं काही चुकत होतं असं मी म्हणत नाही. 'वैनी,' ते मला म्हणाले, 'शिकून शिकून पोरीचं डोळं गेलं. वशिल्याबिगर तिकडं काय व्हत न्हाई. बटाट्याला वशिला लागत न्हाई.' मला मात्र कडीतून पडणाऱ्या बटाट्यांसमोर बसलेली अक्षदा दिसली, आणि भाकरी गोड लागेना.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी अक्षदा डिंभ्याच्या धरणापलीकडे डोंगरात होती. तिकडे एका खडकावर उभं राहिलं तर फोनला एक काडी रेंज येते. त्या खडकावरून दुपारी तिचा फोन आला. काकू, माझा लॅपटॉप उघडा, अर्ज सगळा भरलाय, फक्त दोन रेफरी टाकायचे राहिलेत, पाचच्या आत पाठवा, एक तर— आणि काडी गेली. मी 'हॅलो हॅलो' करत अंगणात, मग गच्चीवर गेले. पुन्हा काही लागला नाही.

आता नलू, तू मला सांग. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईला रेफरी म्हणजे काय हे शब्दकोशात पाहावं लागेल का? भगवंतभाऊजी शेजारी उभे होते. ते म्हणाले, रेफरी म्हंजे वशिला, आमदाराच्या माणसाला विचारू का? मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, भाऊजी, रेफरी म्हणजे जो कुणाच्याच बाजूचा नाही तो. विद्यापीठाला वशिला नकोच आहे, म्हणून तर रेफरी मागितलाय. (मला त्या क्षणी सिस्टरांचा चष्मा दिसत होता. माझा आवाजही तसाच झाला असावा, कारण भाऊजी एकदम सरळ उभे राहिले.) मग आम्ही दोघांनी विचार करून तालुक्यातले सर्वांत निःपक्षपाती दोन रेफरी निवडले.

पहिले पारगावचे सावळेराम. कबड्डीचे पंच. सख्ख्या भाच्याला त्यांनी फायनलमध्ये बाद दिला आणि बहिणीने दोन दिवाळ्या त्यांना ओवाळलं नाही, एवढी त्यांची ख्याती. दुसरे डिंभ्याकडचे हौशीराम. यात्रेत बैलगाडे पळतात तेव्हा घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, घड्याळ लावून बसतात. त्यांच्या घड्याळावर आजवर कुणी शंका घेतलेली नाही. घेतली ती फक्त हरलेल्यांनी. मी सुंदर इंग्रजीत दोघांची नावं, हुद्दे आणि फोन नंबर भरले. 'उमेदवाराशी संबंध' असा एक रकाना होता. त्यात मी मोठ्या अभिमानाने लिहिलं: काहीही नाही. 'उमेदवाराच्या कामाची माहिती' या रकान्यात लिहिलं: आवश्यकता नाही, समोर जे दिसेल त्यावर निर्णय देतात. पाचला पाच मिनिटं कमी असताना अर्ज गेला, आणि आम्ही दोघांनी चहा घेतला.

अक्षदा रविवारी डोंगरातून आली. पायातले बूट काढता काढता तिने विचारलं, काकू, रेफरी कोण टाकलेत? मी सांगितलं. ती बुटाची नाडी हातात धरून ओसरीतल्या बटाट्याच्या पोत्यावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, 'काकू, तिथला रेफरी म्हणजे आपलं काम ज्यानं जवळून पाहिलंय तो. तो आपल्याबद्दल पत्र लिहितो.' मी म्हटलं, मग त्याला शिफारस म्हणावं, रेफरी कशाला म्हणतात? (हा प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो. भावोजींना विचारून कळव.) तिने विद्यापीठाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं, मुदत संपली आहे, अर्जात आता बदल होणार नाही. अक्षदाने पोत्यातला एक बटाटा उचलून हातात फिरवला आणि म्हणाली, 'हा अडकेल कडीत.' नलू, त्या रात्री मी सिस्टर फिलोमिनांवर मनापासून रागावले.

पुढच्या आठवड्यात दारात एम-एटी गाडी थांबली. सावळेराम. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी आणि मागे दोरीने बांधलेली बॅग. ओट्यावर टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, 'वैनी, हैदराबादची गाडी पुण्याहून धरायची का दौंडाहून?' त्यांना विद्यापीठातून फोन आला होता, की रेफरी म्हणून तुमचं नाव आमच्याकडे आलं आहे. राज्याबाहेरून त्यांना आलेलं हे पहिलंच बोलावणं. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला होता आणि मैदान मातीचं आहे का मॅटचं, एवढंच विचारलं होतं.

आम्ही त्यांना पाणी दिलं आणि फोनवर काय काय झालं ते सगळं सांगायला लावलं. बोलणं हिंदीत झालं होतं. सावळेरामांची हिंदी म्हणजे आपल्या मराठीला शेवटी 'है' लावलेलं असतं. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, मी विभागप्रमुख डॉक्टर राव. सावळेराम म्हणाले, बोला राव. आता आपल्याकडे कुणालाही 'राव' म्हणतात, पण बाईंना वाटलं, केवढा हा आदर, लगेच नावाने हाक मारली. त्यांचा आवाज तिथेच मऊ झाला. त्यांनी विचारलं, अक्षदाला कसं ओळखता? आणि नलू, सावळेराम तिला ओळखत होते गं. मी मात्र अर्जात 'काहीही नाही' लिहून बसले होते. अक्षदा सातवीत असताना तालुक्याच्या कबड्डीत खेळली होती आणि शिट्टी सावळेरामांची होती. 'आखरी चढाई थी, राव,' त्यांनी डॉक्टर रावांना सांगितलं, 'उसका पैर लाईन के भायेर गया. हमने देखा नै. किसीनेच देखा नै. उसनेच हात वर किया, बोली मैं बाद है.'  मग बाईंनी विचारलं, तिच्यात काही उणीव? सावळेराम पंच असल्यामुळे त्यांना तेही सांगणं भाग होतं. 'दम कम है, राव. चढाई में तूटता है. भांडने में नै तूटता.'

आता एवढं सगळं ऐकल्यावर, हैदराबादला स्पर्धा नाही, हे त्यांना सांगायचं काम भगवंतभाऊजींनी माझ्यावर टाकलं. सावळेरामांनी ऐकून घेतलं. गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. 'मंग या दशम्यांचं काय करायचं?' ते म्हणाले. त्यांच्या मंडळींनी प्रवासासाठी दुधातल्या दशम्या बांधून दिल्या होत्या. त्या आम्ही सगळ्यांनी लसणाच्या चटणीबरोबर खाल्ल्या. फार मऊ होत्या. हैदराबादपर्यंत नक्की टिकल्या असत्या.

हौशीरामांचं काही नीटसं कळलं नाही. त्यांना फोन गेला तेव्हा ते घाटात होते, मागे भोंगा, पुढे बैल. बाईंनी अक्षदाचं नाव घेतल्यावर त्यांनी 'घाट की रानी है, साब! एक नंबर!' असं ओरडून सांगितलं आणि पुढच्या गाड्याची बारी सुटली म्हणून फोन खिशात टाकला, चालूच. डॉक्टर रावांनी पुढची दहा मिनिटं आमच्याकडची बैलगाड्याची शर्यत ऐकली. फोन त्यांनी मध्येच ठेवला नाही, यावरून त्या माणूस म्हणून चांगल्या असाव्यात, असं माझं मत झालं.

आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत लॅपटॉपवरच, आमच्या मधल्या खोलीत. भाऊजी दाराबाहेर पोत्यावर बसले, कुणी आवाज करू नये म्हणून, आणि सगळ्यात जास्त खोकले तेच. मी स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून (हे वय आहे का, पण लावला). आधी तासभर त्यांचं साखरेचं चाललं होतं, त्यातलं मला काही कळलं नाही. मग डॉक्टर रावांनी विचारलं, डोंगरातले लोक तुम्हाला रक्त देतात कसे? अक्षदाने सोनीबाईंचं सांगितलं. त्या तिकडच्या, फार करारी. पहिल्या दिवशी त्यांनी अक्षदाला दारातच अडवलं: आमचं रगत काढती व्हय, आदी तुजं काढ. तेव्हापासून प्रत्येक घरात अक्षदा आधी स्वतःच्या बोटाला टोचते, मग त्यांच्या. 'म्हणून माझ्या साखरेचे आकडे माझ्याकडे सगळ्यात जास्त आहेत,' ती म्हणाली आणि तिने दहाही बोटं कॅमेऱ्यासमोर धरली. पलीकडे कुणीतरी हसलं. मग बाईंनी विचारलं, ती कबड्डीची गोष्ट खरी का? अक्षदा म्हणाली, 'हो. आम्ही एका गुणाने हरलो. वर्षभर वर्गातल्या मुली माझ्याशी बोलल्या नाहीत.' बाईंनी विचारलं, पुन्हा तसंच कराल? ती म्हणाली, 'पुन्हा पाय आत ठेवीन, मॅडम.'

काल संध्याकाळी निवड झाल्याचं कळलं. भगवंतभाऊजींनी मेल तीनदा वाचून घेतला, मराठीत, आणि मग चिप्सच्या कंपनीला फोन करून सांगितलं की पोरगी येत नाही, पण बटाटा येईल. प्रयागबाईंनी दृष्ट काढली. अक्षदा मात्र अजून हसलेली नाही. त्या मेलच्या खालच्या दोन ओळींवर तिचं बोट आहे. पण ते असो, पत्र फार लांबलं. गुडघ्याला जप. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा आधी, असं आमच्या फिजिओथेरपीवाल्याने यांना सांगितलं आहे.

तुझी,
हेमी

ता. क. खालच्या त्या दोन ओळी अशा: तिचं शास्त्रीय काम पाहिलेल्या दोन व्यक्तींची पत्रं पुढच्या शुक्रवारपर्यंत विभागाकडे आली, तरच ही निवड पक्की, नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार. एक पत्र तिच्या गाईडसरांनी दिलं. दुसरं, नलू, तुझं हवं आहे. खडकावरून ती म्हणत होती, 'एक तर नलूमावशी.' काडी गेली नसती तर हे सगळं झालंच नसतं. एम.एस्सी.च्या उन्हाळ्यात ती तुझ्या प्रयोगशाळेत होती, आणि तिच्या प्रबंधाची प्रकरणं तूच लाल शाईने रंगवून परत पाठवलीस. तिचं काम तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. खडकावर घाईत तिने तुझं नाव घेतलं, पण आता ती स्वतः तुला विचारत नाही, कारण तिला वाटतं, तू त्या फ्रीजरचं लिहिशील. मी फोन केला नाही, कारण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच नाही म्हणतेस, आणि पत्रात तुला इथपर्यंत यावं लागतं.

आणखी एक ता. क. फ्रीजरचं जरूर लिही. दार तिच्याकडून उघडं राहिलं, रात्रीत तुझे जपून ठेवलेले सगळे नमुने वितळले, तू आठवडाभर तिच्याशी बोलली नाहीस, सगळं लिही. फक्त सकाळी तुझ्या आधी येऊन दारात कोण उभं होतं आणि तुला कुणी सांगितलं, तेही लिही. मैदानावर लाडकी वगैरे काही नसतं. रेषेवर पडला असेल तर रेषेवर पडला म्हण.

आणि शेवटचं, पार्सलचं. मागून कुरियरने येतं आहे, पण तुझं पत्र विभागाकडे गेल्यावरच उघड. आधी उघडलंस तर तो वशिला होतो आणि भगवंतभाऊजी खरे ठरतात. आंबेमोहोर तांदूळ तुझा. नाचणीचं पीठ भावोजींचं, त्यांना साखर असो वा नसो. हिरड्याची पुडी सोनीबाईंनी दिली आहे, ती तुझ्या कामवालीच्या आईच्या खोकल्यासाठी. तू मागे लिहिलं होतंस, मी विसरले नाही. बटाटे शेजारच्या रेड्डींना, त्यांनी गुडघ्याच्या वेळी तुला डबे दिले म्हणून. त्यातले सगळे कडीत अडकणारे आहेत. मासवडी पाठवत नाही, ती प्रवासात उतरते; अक्षदा येईल तेव्हा तिच्याकडून करून घे, तिला येते. डॉक्टर रावांना यातलं काहीही नाही.

तळाशी लाल दोरीतली एक शिट्टी आहे, फडक्यात गुंडाळलेली. सावळेरामांनी आज सकाळी आणून दिली. मी म्हटलं, अक्षदाला द्यायची का? ते म्हणाले, तिला कशाला, ती खेळणार हाय. ज्या बाई आता रेफरी व्हनार, त्यान्ला द्या.